मांडवाचे खड्डे

आमच्या ह्यांना सगळं कॉलेज सर म्हणतं, आणि मीही सरच म्हणते. लग्नानंतर सुरुवातीला 'अहो' म्हणून बघितलं. पण हे खिडकीतून मैदानाकडे तोंड करून बसायचे आणि 'अहो' काही त्यांच्या कानात शिरायचं नाही. 'सर' म्हटलं की लगेच वळून बघतात. नाव केसरीनाथ, विषय अकाउंट्स. जिमखाना त्यांच्याकडे आला, कारण ज्या स्टाफ मीटिंगमध्ये तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचा होता, त्या दिवशी हे तापानं घरी झोपले होते. बरे होऊन गेले तर गळ्यात शिट्टी. ती अजून उतरलेली नाही. आंघोळीला जातानासुद्धा मी ओरडल्यावर काढतात.

कॉलेज भिवंडीहून खारबावकडे जाताना लागतं. डाव्या हाताला गोडाऊन, उजव्या हाताला गोडाऊन आणि मधे आमचं मैदान. गावाला एवढी एकच सपाट मोकळी जागा उरली आहे, त्यामुळे तुळशीचं लग्न लागलं की गावातली सगळी लग्नं तिथेच. आणि आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं गाव जेवायला, डीजे, नाच, वऱ्हाडापेक्षा दुप्पट माणूस. त्याला मांडव लागतो, मांडवाला खांब लागतात आणि खांबाला खड्डे लागतात. मांडवाचं काम मोरू करतो. कार्य उरकलं की मोरू खांब उपटून नेतो आणि खड्डे ठेवून जातो. मग आमचे सर घमेलं घेऊन एकेक खड्डा बुजवत फिरतात, कारण त्यात जाऊन पोरांचे पाय मुरगळतात.

सर म्हणायचे, "मोरू, खांब नेतोस तसे खड्डेपण घेऊन जा की."

मोरू शांतपणे म्हणायचा, "सर, खड्डा काय माझा एकट्याचा हाय? गावाचा हाय."

सर पुढच्या खड्ड्याकडे वळायचे. घरी येऊन माझ्यावर चिडायचे.

तर गेल्या जूनमध्ये हरीशेठनी सरांना बोलावून घेतलं. हरीशेठ आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, अडीअडचणीला धावून येतो. पण पूर्णा गावाकडची शेतं गोडाऊनं झाली तेव्हापासून मोकळी जमीन दिसली की त्यांना तिच्यावर ट्रक उभा असलेला दिसतो.

"सर, शेजारच्या गोडाऊनवाल्याला कंटेनर लावायला जागा पायजे," ते म्हणाले. "मैदान देऊन टाकू म्हणतो. तुमच्या खेळांनी आजवर काय दिलं सांगा. ऑफिसातलं काचेचं कपाट मी कप ठेवायला करून घेतलं होतं, त्यात पाव्हण्यांचा टी-सेट ठेवलाय. या वर्षी एक कप आणा. आणलात तर मैदान तुमचं. न्हाय आणलात तर मार्चनंतर तिथं काँक्रीट."

त्या दिवशी सर जेवले नाहीत. सुकटीची चटणी होती, तरी जेवले नाहीत. मी म्हटलं, "बरं झालं, सुटाल एकदाचे त्या धुळीतून." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ताट उचलून आत नेलं. मला राग आला होता, पण आत जाऊन मला वाईटही वाटलं. या माणसानं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितलं असेल तर मैदानासाठी पाणी मारायचा पाइप.

मग सुरू झालं आमचं ते विजयी वर्ष.

पहिलं बुद्धिबळ. फर्स्ट इयरचा एक पोरगा फार हुशार निघाला. समोरच्याचा वजीर खाल्ला, राजाला कोपऱ्यात कोंडला आणि मधेच उठून उभा राहिला. म्हणाला, "सर, गोडाऊनमध्ये माझी शिफ्ट सुरू होते." सर म्हणाले, "अरे, दोन चालींत जिंकतोयस." पोरगा म्हणाला, "सुपरवायझर दोन मिनिटंपण सोडत नाही." आणि गेला. समोरचा पोरगा राजा कोपऱ्यात असतानाच जिंकला.

मग पावसाळा सरता सरता धावण्याची शर्यत, तीसुद्धा रस्त्यावरची. रूपा आमची खारबावच्या बाजूची, भातशेतीवाल्यांची मुलगी. कॉलेजला यायचं म्हणजे ती गोडाऊनच्या रस्त्यानं पळतच येते. सरांनी मला मुद्दाम बघायला नेलं होतं. रूपा सगळ्यांच्या पुढे, मागे कुणी दिसतसुद्धा नव्हतं. सरांनी माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याची ती पहिलीच वेळ, म्हणून मी रस्त्याकडे बघायचं सोडून हाताकडेच बघत राहिले. तेवढ्यात शर्यतीबरोबर चालणाऱ्या जीपनं मागून हॉर्न दिला. झालं. रूपा रस्ता सोडून झटकन गटाराच्या कडेला जाऊन उभी राहिली. आमच्या रस्त्यावर हॉर्न ऐकून जो बाजूला होत नाही तो संध्याकाळी घरी जात नाही, हे तिच्या अंगातच भिनलेलं. जीप गेली, तरी ही उभीच. मागच्या तीन मुलीसुद्धा तिनं जाऊ दिल्या.

"अगं, थांबलीस का?" सर नंतर तिला म्हणाले.

"सर, मला वाटलं कंटेनर हाय."

चौथी आली. चौथीला कप नसतो, प्रमाणपत्र असतं. सरांनी ते काचेच्या कपाटात टी-सेटच्या किटलीला टेकवून ठेवलं. प्राचार्य म्हणाले, "सर, पाहुणे आले की ते हलवावं लागेल." सर म्हणाले, "मग पाहुण्यांना पाणीच द्या."

आता उरली कबड्डी, आणि कबड्डीत आम्ही खरंच बरे. भूपेश आमचा कॅप्टन, चढाईला गेला की हात लावून परत येणारच. पोरं जिंकत जिंकत उपांत्य फेरीपर्यंत पोचली. डिसेंबरातली सकाळची मॅच, भिवंडीत निजामपुऱ्याच्या अलीकडे एका मैदानावर. सरांनी पोरांना बजावलं होतं, लवकर झोपा, तेलकट खाऊ नका. पण आदल्या दिवशी भूपेशच्या चुलतभावाची हळद. आता हळदीला जाऊ नको असं आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. सरांनीही सांगितलं नाही, कारण ते स्वतःच तिथे वरणभात वाढायला उभे होते.

सकाळी संघ उतरला तो असा, सातच्या सात पोरं पिवळी. मानेपासून पोटरीपर्यंत. आमच्याकडे हळद तेलात कालवतात आणि नवऱ्याला बोट लावून उरलेली सगळी बादली भावाबंदांच्या अंगावर जाते. नुसत्या पाण्यानं ती निघत नाही, आणि पोरं नाचून दमून तशीच झोपलेली.

मॅच सुरू झाली. भूपेश चढाईला गेला. तिघांनी मिळून त्याला धरलं आणि तो ओल्या साबणासारखा तिघांच्या हातून सुटून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा सुटला. मांडी धरली तर मांडी सुटते, कंबर धरली तर कंबर. आमचे गुण भराभर चढायला लागले. सर आनंदानं शिट्टी वाजवायला लागले, म्हणून पंचांनी त्यांना दोनदा दटावलं. मी मनात काचेचं कपाट पुसून ठेवलं होतं.

मग समोरच्या संघाच्या सरांनी आपल्याच पोराच्या तळहाताचा वास घेतला. आणि थेट पंचांकडे गेले. अंगाला तेल लावून कबड्डी खेळायची नसते, हा नियम आहे. मैदानात आजवर कुणी तेल लावून येतच नसल्यामुळे आमच्या ह्यांना तो आठवलाच नव्हता.

पंच म्हणाले, "सगळे धुऊन या. सामना शून्यापासून."

आता पाणी कुठून आणायचं? मैदानाला लागून एक लूमचा कारखाना होता. त्याचे मालक चाचा दारात उभे राहून मॅच बघत होते. ते म्हणाले, "सरजी, बच्चों को अंदर लाओ. साबुन भी है." नळाखाली पोरांना घासलं. चाचांनी लूमवरचं वाया गेलेलं कापड दिलं, त्यात एकेकाला गुंडाळून कोरडं केलं. संघ परत आला तेव्हा पिवळा होताच, पण आता सुटत नव्हता. शेवटच्या चढाईत भूपेशला पाच जणांनी धरलं आणि तो धरला गेला. एका गुणानं हरलो.

परत येताना टेम्पोत भूपेश रडत होता. सर त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हळद छान झाली हो तुमची." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी तोंड फिरवून गोडाऊनं मोजत बसले.

त्यानंतर कप मिळायचा काही मार्ग उरला नाही. आणि तरी भूपेशच्या चुलतभावाचं लग्न उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस घमेलं घेऊन मैदानात. मी मागे गेले. म्हटलं, "सर, दोन-तीन महिन्यांनी यावर काँक्रीट पडणार. कुणासाठी बुजवताय?" ते खाली बघत माती दाबत म्हणाले, "उद्या रूपा पळणार आहे ना." मी पदर खोचला आणि दुसरं घमेलं घेतलं. रडू येत होतं, पण धुळीत ते कळत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी हरीशेठ घरी आले, पत्रिका घेऊन. त्यांची मुलगी मेघाली, सरांचीच विद्यार्थिनी, तिचं एप्रिलमध्ये लग्न ठरलं होतं. सर कोपऱ्यात बसले होते, गळ्यातली शिट्टी बोटांनी फिरवत. मी चहा दिला.

"वहिनी, दोघांनी हळदीला लवकर यायचं," हरीशेठ म्हणाले. "अशी हळद करतो की पंचक्रोशीत कुणाची झाली न्हाय."

"येणारच. हळद कुठे करताय?"

"कुठे म्हंजे? मैदानात. आपल्या सगळ्या हळदी तिथंच होतात."

खरं सांगते, तोवर मलाही सुचलं नव्हतं. गावात कुणालाच सुचलं नव्हतं. कंटेनरचं मैदान कॉलेजचं आणि हळदीचं मैदान गावाचं, अशी जणू दोन मैदानं असावीत तसे सगळे वागत होते. आमच्याकडे हळदीची जागा कुणी विचारतच नाही, ती असतेच.

मी म्हटलं, "पण शेठ, तिथे तर तोवर कंटेनर असतील."

हरीशेठ म्हणाले, "दोन दिवस बाजूला काढायला लावू. त्यात काय?"

"कंटेनर निघतील हो. पण खाली काँक्रीट असेल. मोरू काँक्रीटमध्ये खांब कसे पुरणार?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी बोलायला लागले की थांबत नाही, हे सरांना ठाऊक आहे, शेठना त्या दिवशी कळलं. "मेघालीचं एक वेळ हॉलमध्ये कराल. मग तुमच्या धाकट्याची हळद? पुतण्यांच्या? आणि गाव? ज्याच्या घरी पोरगी उजवायची असेल तो तुमच्या दारात येऊन विचारेल, शेठ, आमचा मांडव कुठे घालू?"

हरीशेठनी खिशातून फोन काढला, गोडाऊनवाल्याला लावला आणि म्हणाले, "जागेचं राहू द्या हो. न्हाय, भाव वाढवायला न्हाय बोलत. तिथं आम्हाला खड्डे लागतात." समोरच्याला काही कळलं नसावं, कारण त्यांनी ते तीनदा सांगितलं.

सर उठून मोरीत गेले आणि पुष्कळ वेळ तोंड धूत राहिले.

मेघालीच्या हळदीआधी मोरू टेम्पो घेऊन आला, तर सर मैदानात आधीच हजर. हातात फक्कीची पिशवी. कबड्डीचं मैदान आणि पळायचा रस्ता सोडून जिथे जिथे खांब बसेल तिथे त्यांनी पांढरे ठिपके घालून ठेवले होते. मोरू बिचकला. त्याला वाटलं, आता भांडण.

"सर, यंदा खड्डे मी स्वतः बुजवून देतो," तो घाईघाईनं म्हणाला.

सरांनी खांब उचलून उभा धरला, मोरू पहार मारायला लागला. माती दगडासारखी घट्ट झाली होती, इतकी वर्षं ह्यांनीच ठोकून ठोकून बसवलेली. मोरू घामाघूम झाला, हातभर खणून थांबला आणि म्हणाला, "झाला, सर."

सरांनी वाकून खड्ड्यात बघितलं.

"मोरू," ते म्हणाले, "अजून जरा खोल घे."