आईने घासलेले दगड

मे महिन्यातला रविवार. सकाळी एका मित्राकडे बरकतपुऱ्याला गेलो होतो, दुपारी नल्लकुंट्याला घरी आलो आणि बघतो तर काय... हॉलमधल्या, माशांसाठी मांडलेल्या टँकमध्ये नुसतं पाणी आणि तळाला वाळू. दगड गायब!

चौदा किलो दगड कोण चोरणार? शोधत गच्चीवर गेलो. तिथे जुन्या साडीवर ओळीने मांडून ठेवलेले... सांडगे घालतात ना, तसे.

आधी थोडं सांगतो. मला खाऱ्या पाण्याचा टँक करायचा होता, प्रवाळांचा. हैदराबादला समुद्र कुठला, म्हणून आरओच्या पाण्यात खास मीठ मिसळायचं. आणि ड्राय रॉक, म्हणजे बारीक बारीक छिद्रं असलेले, पण पार कोरडे, निर्जीव दगड आणायचे.

ते पाण्यात रचले की थांबायचं. हळूहळू त्या छिद्रांत चांगले बॅक्टेरिया वसतात, माशांच्या घाणीतलं विष, म्हणजे अमोनिया, तेच पचवतात. घाई करून आधीच मासा सोडला तर बिचारा मरतो.

मी सहा आठवडे थांबलो होतो. एक दिवसाआड पाण्याची टेस्ट. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मासे कुठायत?" आणि मी शहाण्यासारखं हसायचो. शेवटी अमोनिया शून्यावर आला. दगडांवर तपकिरी थर चढला होता, पण नव्या टँकमध्ये तो येतोच. पुढच्या शनिवारी दोन क्लाउनफिश आणायचे ठरलं होतं.

आणि आईने ते दगड कढत पाण्यात बुडवून, काथ्याने घासून, कडक उन्हात वाळत घातले होते. सगळे बॅक्टेरिया खलास...

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहवत नाही. "कळत नाही तर हात कशाला लावतेस?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आई बहात्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

ती एवढंच म्हणाली, "तू फोनवर कुणाला तरी म्हणत होतास ना, दगड फार घाण दिसतायत म्हणून... साबण नाही लावला रे. माशांना बाधेल, म्हणून."

मी गाडीची चावी उचलली आणि सरळ चिक्कडपल्ली गाठली. तिथे सलीमभाईंचं माशांचं दुकान आहे, टँकचं सगळं सामान मी त्यांच्याकडूनच घेतलेलं. तावातावाने त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत.

"रेती कू हात लगाए क्या अम्मा?"

नाही म्हटलं. वाळूतही तेच बॅक्टेरिया असतात.

"फिर थोडा काम तो बाकीच है. टेन्शन नक्को लेओ." मग म्हणाले, "चौदा किलो पत्थर ऊपर कौन लेके गया?"

आमच्याकडे लिफ्ट नाही. दोन जिने. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आई वर्षभरात गच्चीवर गेलेली नव्हती... आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी दगडांकडे बघितलं होतं फक्त. अडखळत सलीमभाईंना तेच सांगितलं.

ते आत गेले, स्वतःच्या मोठ्या टँकमधला मुठीएवढा दगड काढला आणि तिथल्याच पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. "ये बीच में रख देना. बाकी ये संभाल लेता. जाओ, अम्मा के पास बैठो."

घरी आलो तर आई दिवाणावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. मी शेजारी बसलो. "चुकलो गं आई," म्हटलं. "किती फेऱ्या मारल्यास?"

"कोण मोजतंय? एकेक नेला, बसत बसत."

तेलाची वाटी मी हातात घेतली आणि चोळता चोळता तिला सगळं समजावलं. दगड, बॅक्टेरिया, अमोनिया. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग पिशवीतला दगड दाखवून म्हणालो, "हे विरजण समज." त्यासरशी तिने कपाळावर हात मारला.

"अगंबाई! म्हणजे मी विरजणाचं भांडंच घासून टाकलं की रे! मग आधी सांगायचं नाही का?"

खरंच की. सहा आठवडे तो टँक तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्यात काय चाललंय ते मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. तिने विचारलं नव्हतं असं नाही. मी "तुला नाही कळायचं" म्हणून टाळलं होतं.

दगड मी खाली आणले. कुठला कुठे रचायचा ते आईने सांगितलं, सलीमभाईंचा मधोमध ठेवला. पुन्हा एक दिवसाआड टेस्ट, पण आता नळीतल्या पाण्याचा रंग आई चष्मा लावून तक्त्याशी जुळवायची. चार आठवड्यांनी दोन क्लाउनफिश आले. पहिला दिवस नुसते कोपऱ्यात दडून होते... दुसऱ्या दिवशी आईच्या हातून खाल्लं.

परवा सलीमभाईंना हे सांगायला मुद्दाम दुकानात गेलो. मला बघताच त्यांनी माशांचं काही विचारलं नाही. म्हणाले, "अम्मा के घुटने कैसे हैं?"

या वेळी मला उत्तर माहीत होतं.