अप्पांची दोन बोटं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. अकरा वर्षांपूर्वी मला पहिलं अख्खं पुस्तक मिळालं. गोष्ट साधीच — एक बाबा मुलीला पतंग करून देतो. बाबाचे हात अगदी जवळून दाखवायचे होते. मी अप्पांनाच समोर बसवलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरकडून आले आणि भोसरीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर लागले. उजव्या हाताची दोन बोटं त्या मशीनखाली गेली तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून तो हात कायम खिशात. काकाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा, अहो! त्या दिवशी मात्र कासारवाडीच्या आमच्या खोलीत त्यांनी तो बाहेर काढला, खिडकीच्या उजेडात ठेवला. म्हणाले, "जसा हाय तसाच काढ, माय. पोरांना कळू दे, असा हातबी पतंग बनवतो."

मी काढला. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं चित्र तेच असेल.

आमच्या कामात छापायला जाण्याआधी चित्रातली बोटं मोजतात — घाईत एखादं कमीजास्त होतंच. संपादकबाईंचा फोन आला. "दोन बोटं राहिलीत बघा." एवढंच. खवचटपणा नाही, काही नाही. मला एकच वाक्य बोलायचं होतं — तो माझ्या वडिलांचा हात आहे. आणि मी काय म्हणाले? "अय्या, खरंच की! घाईत राहिली. आत्ता दुरुस्त करते."

का? त्या रागावल्या असत्या? छे! लाज वाटली मला. बापाची — त्यांच्या कामाची, त्या हाताची. दहा मिनिटांत दोन बोटं रंगवून मोकळी झाले.

पुस्तक घरी आलं. अप्पांनी डाव्या हातानं चित्रातलं एकेक बोट मोजलं. मी म्हटलं, "छापणाऱ्यांनी परस्पर बदललं, अप्पा." ते "असू दे" म्हणाले. उजवा हात पुन्हा खिशात गेला.

परवा माझ्या मुलीनं तेच पुस्तक काढलं. "आजोबा, हा तुमचा हात ना? मग पाच बोटं कशी?"

"छापणाऱ्यानं घातली, माय. तुझ्या आईनं बराबर काढला होता. लई भांडली ती त्यांच्याशी."

भांडले, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. ते अप्पांनी आपल्या मनानंच धरलं होतं — अकरा वर्षं. मी तिथंच मेथी निवडत बसले होते. निवडत राहिले.