चकतीतून बघणारे दाजी

एखादी वस्तू निवडायला आमचे दाजी जितका वेळ घेतात, तितका ब्रह्मदेवानं घेतला असता तर आपण कुणी अजून जन्मलोच नसतो. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. घर शहरात आणि शेत देवगाव रंगारीला, त्यामुळे आठवड्यातून दोनदा कुठल्या तरी एका ठिकाणी काही तरी विसरून आलेले असतात. एकदा गुलमंडीच्या बाजारात पायजम्याचं कापड घ्यायला म्हणून गेले, दुकानदाराशी घरोबा केला, त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन परतले आणि कापड घ्यायचं राहूनच गेलं. ताईंनी विचारलं, तर म्हणाले, "माणूस चांगला हाय. कापडाचं काय, पुढल्या खेपंला बघू."

अशा माणसाच्या वाट्याला वडिलांकडून एक रायफल आली होती. ट्रिगरखालचा खटका खाली-वर ओढला की पुढची गोळी आत सरकते, त्या जातीची. एके काळी शिकारीची म्हणून घेतलेली, आता पिकाच्या राखणीच्या परवान्यावर असलेली. मक्यात रानडुकरं शिरली की दाजी फटाके लावत आणि रायफल घेऊन शहराबाहेरच्या क्लबात कागदाला गोळ्या घालायला जात. "डुकरानं माझं काय घोडं मारलंय? मकाच तर खाल्ला," असं ते म्हणत. कागदानं त्यांचं काय मारलं होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

साठी उलटल्यावर रायफलीची नेम धरायची मागची खाच त्यांना धुरकट दिसायला लागली. तेव्हा क्लबातल्या कुणी तरी सुचवलं, की खाच काढून तिथं भोकाची चकती बसवा. भोकातून बघितलं की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा दाणा, आपोआप मधोमध येते, डोळ्याला कष्ट नाहीत. झालं! आता भोक केवढं घ्यायचं? बारीक घेतलं तर नेम नेमका पण उजेड कमी, मोठं घेतलं तर झटकन दिसतं पण नेम सैल. हा प्रश्न त्यांना एका दिवाळीत पडला आणि पुढची दिवाळी आली तरी सुटला नव्हता.

नट-बोल्टच्या दुकानातून त्यांनी हरएक मापाचे वॉशर आणले आणि सुतळीत ओवून गळ्यात घातले. लोकांना वाटलं, दाजींनी कुठला तरी पंथ घेतला. सकाळी फिरायला निघाले की दर विजेच्या खांबाशी थांबून, एक डोळा मिटून, वॉशर बदलत बघत राहायचे. हॉटेलात मेदुवडा आला तो सांबारात पडण्याआधी डोळ्याला लागला, आणि वेटर समोर दिसताच दाजी खुशीत म्हणाले, "हे बघ, ह्यातनं अख्खा माणूस मावतो!" पुढे एकदा मला घेऊन ते बांगड्यांच्या दुकानात शिरले. दुकानदार चाचा अदबीनं म्हणाले, "हात का नाप लाए क्या साब?"

"हाताला नाय चाचा, डोळ्याला पाहिजे."

चाचांनी आधी दाजींकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "घर में सब खैरियत है ना मियाँ?"

मी हो म्हटलं. ताईंना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं. "ह्यांनी मला बघायला आल्यावर एवढं निरखून बघितलं नाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होत्या.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर दाजी ओसरीत चिडून बसलेले. सगळे वॉशर समोर मांडलेले.

"दुकानदारानं फसवलं राव. एकबी धड गोल नाय. हे बघ, उजव्या अंगाला वरची कड खाल्ल्यावानी दिसती. ह्याची, ह्याची, ह्याचीबी."

मी एकेक वॉशर डोळ्याला लावला. गोल होते. चांगले गरगरीत गोल. ताईंना दिले. त्या चेष्टेच्या तयारीनंच आल्या होत्या, पण दोन वॉशर बघून त्यांनी बाकीचे खाली ठेवले.

"दाजी," मी म्हणालो, "आता डाव्या डोळ्यानं बघा."

त्यांनी डाव्या डोळ्याला वॉशर लावला. बराच वेळ बघत राहिले. मग पुन्हा उजव्याला, पुन्हा डाव्याला. हात खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा मला पाहवेना.

"डाव्यानं गोल हाय," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची नजर कडेकडेनं बरीच गेली होती, डाव्याला नुकती कुठं सुरुवात होत होती. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधानं टिकवता येईल, असं बाईंनी समजावलं. "दोन्ही डोळे उघडे असले की एक दुसऱ्याचं झाकून घेतो, त्यामुळे लोकांना कळतच नाही. तुमच्या लक्षात कसं आलं?"

रायफल, खाच, मेदुवडा, हे सगळं सांगायला एरवी दाजींना तासभर पुरला नसता. त्या दिवशी ते नुसते म्हणाले, "भोकातनं बघत होतो."

त्यानंतर कित्येक दिवस ते गप्प होते. वेळेवर थेंब घालायचे, पेपर वाचायचे, कोणी चहा दिला तर साखर कमी-जास्त न म्हणता प्यायचे. ताईंनाच ते सोसवेना. शेवटी एके सकाळी त्या म्हणाल्या, "आहो, ती बंदूक डाव्या खांद्याला लागत नाय व्हय?"

दाजींनी रायफल काढली, डाव्या खांद्याला लावली. खटका खालीच मध्यावर. डाव्या हाताला तितकाच सोपा. मी पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुनं तेज चढत होतं. त्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या भोकाची चकती बसवून घेतली, आणि निवडायला त्यांना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. "आता बारीकसारीक बघत बसायचं नाय," एवढंच म्हणाले.

परवा आम्ही क्लबात गेलो. डाव्या खांद्यावरून झाडलेली त्यांची पहिली गोळी कागदाला शिवलीसुद्धा नाही. दुसरीही नाही. तिसरी कागदाच्या कोपऱ्यात लागली. दाजींनी तो कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला.

निघालो तेव्हा ऊन उतरत आलं होतं. फाटकापर्यंत मी नेहमीसारखा त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होतो. रस्ता गाड्यांनी भरलेला दिसला तसे ते थांबले.

"तू जरा ह्या अंगाला ये," ते म्हणाले आणि माझा हात धरून त्यांनी मला आपल्या उजवीकडे घेतलं. "हिकडची बाजू आता तुझ्याकडं."

मग आम्ही रस्ता ओलांडला.