गिरणीवाल्यांचा बाक

लेकीकडे ऑस्ट्रियात गेलो होतो, तेव्हा तिनं मला डोंगरातल्या एका खेड्यातलं जुनं चर्च दाखवलं. बाहेरून साधं, चुन्यानं पांढरं केलेलं. आत मात्र सोन्याचा वर्ख, गुबगुबीत देवदूत आणि पिळदार खांब. खांबाला हात लावला तर लाकूड निघालं. गुरं राखणाऱ्या त्या गावाला संगमरवर परवडला नव्हता, म्हणून जुन्या लोकांनी लाकडावरच त्याच्या शिरा रंगवून घेतल्या होत्या.

पाय दुखत होते म्हणून पुढच्या बाकावर टेकलो. अगदी मागच्या बाकावर एक आजी एकट्याच बसल्या होत्या. त्या तिथूनच जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"बाबा, उठा," लेक म्हणाली. "ती गिरणीवाल्यांच्या घरची जागा आहे."

बाकावर खरंच नावाची पितळी पट्टी होती. इथं प्रत्येक घराची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली.

"येणार आहेत का ते?"

लेकीनं आजींना विचारलं. गिरणी केव्हाच बंद पडली होती, माणसं शहरात गेली होती. पाद्रीसुद्धा आता कधीतरीच येतो.

मी उठलो. पुण्याच्या घरी मी एकटाच जेवतो, तरी खिडकीजवळची खुर्ची हिची म्हणून भिंतीकडेच बसतो. ही जाऊन बरीच वर्षं झाली.

"मग आजी पुढं का बसत नाहीत? तिथून त्यांना काय दिसणार?"

लेकीनं विचारलं, आणि उत्तर मला सांगताना ती माझ्याकडे बघेना.

"त्या म्हणतात, मी पुढं गेले तर आमच्या घरची जागा रिकामी दिसेल."