त्यांच्या लॅपटॉपची रॅम

माझ्या नवऱ्याचा आवाज जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ जड झाली आणि शेवटी घशातून नुसता वारा यायला लागला. मज्जातंतू एकेक करून बंद पडत जाण्याचा तो आजार. डोकं मात्र लख्ख राहतं आणि डोळे राहतात.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बेंगळुरूहून एक पट्टी पाठवली होती. ती लॅपटॉपच्या पडद्याखाली चिकटवायची. तिच्यातला कॅमेरा बुबुळं टिपायचा आणि पडद्यावरच्या ज्या अक्षरावर नजर ठरेल ते अक्षर उमटायचं. वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते म्हणून दाखवायचा, एका बाईच्या सपाट आवाजात. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे तोच त्यांचा आवाज झाला.

एका गुरुवारी डॉक्टर आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी येऊन त्यांना तपासून गेले. जाताना त्यांच्यासमोरच मला म्हणाले, "छाती थकत चाललीय. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं मशीन लावायचं की नाही, हे आता ठरवायला हवं. सरांचं म्हणणं मला त्यांच्याच शब्दांत पाहिजे. सोमवारी येतो मी."

शुक्रवारी सकाळी चहाचे चार चमचे घशाखाली गेल्यावर ते लिहायला लागले. मी बाजूला उभी होते. 'मला श्वासाचं मशीन' एवढं उमटलं आणि पडदा थिजला. मधोमध ते छोटं चक्र गरगर फिरत राहिलं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, हे मला त्या दिवसाइतकं कधीच बोचलं नव्हतं. लावा की लावू नका?

"अहो," मी विचारलं, "लावायचं ना? हो असेल तर एकदा पापणी मिटा."

त्यांनी बुबुळं वर नेली. ती 'थांब'ची खूण होती. त्यांना हो-नाहीपेक्षा जास्त काहीतरी सांगायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. त्यात वीस मिनिटं गेली. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तसंच अडकलं. तिसऱ्या खेपेला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते शिणून की रडून, हे मला कळलं नाही. मी विद्यार्थ्याला फोन लावला.

"काकू, त्या लॅपटॉपची रॅम फक्त चार जीबी आहे," तो म्हणाला. "सॉफ्टवेअर अपडेट झालंय, ते त्याला पेलवत नाही. रॅमची आणखी एक, चारची पट्टी घालून घ्या. नवा लॅपटॉप आणलात तर सगळं पहिल्यापासून बसवावं लागेल, सरांच्या नजरेशी जुळवावं लागेल. आठवडा जाईल."

आठवडा नव्हताच. लेक परगावी असते, म्हणून शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवलं आणि स्कूटर काढून नवी पेठ गाठली. ऊन असं होतं की हँडलला हात लावताना पदर गुंडाळावा लागला. जिन्याखालच्या एका छोट्या दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ भिंग लावून काहीतरी जोडत बसले होते.

"रॅम पायजे," मी म्हटलं. "चार जीबी."

"लॅपटॉप कुठंय, ताई?"

"आणता येत नाही."

"मंग कंपनी, मॉडेल तरी सांगा की. डीडीआर थ्री हाय का फोर?"

खालचं लेबल केव्हाच पुसून गेलं होतं. आठ-नऊ वर्षांचा असेल, एवढंच म्हटलं. त्यांनी अंदाजाने एक पट्टी काढून दिली. "बसली नाही तर बदलून देतो, पण जोर लावू नका."

घरी येऊन मी लॅपटॉप त्यांच्या पलंगाला लावलेल्या टेबलावर पालथा घातला. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. पंख्याचं बटणसुद्धा मी कधी उघडलं नव्हतं. घरातली असली सगळी कामं त्यांची, पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे ते. चष्म्याच्या पेटीतल्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने अकरा स्क्रू काढले, जुन्या एटीएम कार्डाने कडा उचकटल्या. झाकण निघालं. आत हात घालणार तोच त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला. मान वर करून पाहिलं तर ते डोळे विस्फारून एकाच जागेकडे बघत होते.

आमच्याकडे बाराखडीचा पुठ्ठा होता. मी ओळी म्हणायची, हवी ती ओळ आली की ते पापणी मिटायचे, मग अक्षर, मग काना-मात्रा. एका शब्दाला कधीकधी दहा मिनिटं लागायची. मी पुठ्ठा धरला. प-फ-ब-भ-मवर पापणी मिटली. मग ब. मग मात्रा. 'बॅ' झालं आणि मला कळलं. बॅटरी! तिची वायर मी काढलीच नव्हती.

वायर काढली. पण नवी पट्टी बसेना. तिची खाच एकीकडे, खोबणीतला दात दुसरीकडे. म्हणजे दुसऱ्या जातीची लागणार. वायर जोडून, झाकण लावून लॅपटॉप पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी फक्त 'पाणी' आणि 'कूस' हे दोन शब्द लिहिले. मोठं काही लिहायचं धाडस त्यांनाही होईना.

शनिवारी काकूंना बसवून पुन्हा नवी पेठ. त्या गृहस्थांनी न कुरकुरता पट्टी बदलून दिली. मी निघाले तर म्हणाले, "कुणाचा लॅपटॉप हाय ताई, एवढी घाई?" मी सांगितलं. त्यांनी एका कागदावर फोन नंबर लिहून माझ्या हातात दिला.

ही पट्टी खोबणीत गेली. खबरदारी म्हणून मी जुनीही काढून पुसून परत घातली होती. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पडदा काळाच. वीसपर्यंत आकडे मोजून बंद केलं, पुन्हा सुरू केलं. काळा. पुन्हा. काळा.

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. काल निदान ‘पाणी’ म्हणता येत होतं, आज मी तेही हिरावून घेतलं होतं. छाती थकलेल्या माणसाचे शेवटचे शब्द माझ्या हातून एका पत्र्याच्या डब्यात अडकून पडले होते. उद्या रविवार, सगळी दुकानं बंद. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ मोठा सोडला आणि रडले. काकू मागून आल्या, नळ बंद केला आणि म्हणाल्या, "रडायचं नंतर. फोन कर त्या माणसाला."

फोन केला. गिऱ्हाइकांच्या गोंगाटातून ते म्हणाले, "घाबरू नका. दोन्ही पट्ट्या काढा. पोरांचं खोडरबर हाय का? सोनेरी दातांवर हळू फिरवा. मंग तिरपी घालून खाली दाबा. दोन्ही बाजूंनी टक् वाजलं पायजे. वाजलं?"

"एका बाजूनं."

"मंग बसली न्हाई की ती. परत घाला."

परत घातली. या वेळी दोनदा वाजलं. दुसरी पट्टीही तशीच.

"आता बटण दाबा आन् हात लावू नका. नवी रॅम वळखायला पयल्यांदा वेळ घेतंय ते. तुमी मधीच बंद केलं असंल."

मी केलंच होतं, तीनदा. फोन मी कानाला धरूनच ठेवला. त्यांनी तिकडे एका गिऱ्हाइकाला "थांबा जरा" म्हटलेलं मला ऐकू आलं. पडदा काळा. काकू पुटपुटत होत्या, तेलुगूत, देवाचंच काही असावं. मग पडदा करडा झाला, आणि उजळला.

"आलं!" मी ओरडले.

"आठ जीबी दाखवतंय का बघा," ते म्हणाले. दाखवत होतं.

फोन ठेवून, झाकण लावून लॅपटॉप समोर ठेवताच नवऱ्याने लिहायला घेतलं. अक्षरं एकापाठोपाठ एक पडत गेली, एकदाही अडकली नाहीत. मग तो सपाट आवाज बोलला, "मला श्वासाचं मशीन लावू नका. मी घाबरून म्हणत नाही. तुला त्रास नको म्हणूनही नाही. मला आता एवढंच जमतंय, आणि एवढं पुरे आहे. सोमवारी डॉक्टरांना हेच ऐकव. लेकीला मी स्वतः सांगतो."

काकू हळूच दार ओढून निघून गेल्या. मी पलंगाच्या पायाशी बसले. दोन दिवस उन्हातान्हात फिरून, बोटं सोलून मी जे ऐकायला धडपडले ते हे होतं. रॅमची पट्टी उपटून फेकून द्यावी असं एक क्षण वाटलं. त्यांचा राग आला, लॅपटॉपचा आला, 'टक् वाजलं का' विचारणाऱ्या त्या भल्या माणसाचासुद्धा आला. त्या दिवशी आणि रविवारी सकाळभर मी त्यांच्याशी बोलले नाही. औषध दिलं, अंग पुसलं, कूस बदलली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

रविवारी दुपारी लॅपटॉप म्हणाला, "आता तूही गप्प?"

"तुम्ही ठरवून मोकळे झालात," मी म्हटलं. "मी काय करू?"

बराच वेळ ते लिहीत होते. "माहीत नाही," आवाज म्हणाला. "तेवढं मलाही माहीत नाही."

सोमवारी डॉक्टरांनी ते सगळं दोनदा ऐकलं आणि मान डोलावली. त्यानंतर ते त्या सपाट आवाजात साडेचार महिने बोलत राहिले. गॅसची नळी बदल, म्हणाले. भाकरी जाड होतेय, म्हणाले. स्वतः खाऊ शकत नव्हते, काकूंना वाढताना बघून म्हणाले. लेकीशी फोनवर तासन्‌तास काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा बाहेर जाऊन बसायची.

पाऊस ओसरत असताना एका दुपारी ते झोपेत गेले. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि आत काही बदललंय हे मला शेवटची चादर घडी करून होईपर्यंत कळलं नाही.