पाहुण्याला गवत

उज्वला पहाटे पाचला उठायची तीच दमलेली. नवऱ्याची, यादवरावांची, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात सकाळची पाळी, त्यांचा डबा, मग सासूबाईंची, म्हणजे अक्काबाईंची, अंघोळ, पेज, गोळ्या. आणि गेले चार महिने या सगळ्यात एक कासव.

लेक तृप्ती पुण्याला नोकरी करते. तिथले घरमालक कासव ठेवू देईनात, म्हणून एका रविवारी ती ते बुटांच्या खोक्यात घालून नाशिकरोडला घेऊन आली.

"आफ्रिकेतलं आहे गं. पाळायला बंदी नाही, नोंदणीचा कागद आहे, घाबरू नकोस. रोज गवत, सकाळचं ऊन, कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवायचं. बास."

हा 'बास' उज्वलाच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्या मागून नेहमी कामच येई.

तिने सगळं केलं. तरी कासवाचं कवच बोटाखाली दबायला लागलं, भिजल्या पुठ्ठ्यासारखं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी ते दाबून पाहिलं.

"खायला काय देता?"

"दूर्वा. जास्वंदीची पानं."

"मग हे काय?"

कासवाच्या तोंडाला भाताचं शीत चिकटलं होतं.

"गवत, ऊन आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेसाची पूड. दुसरं काही नाही. महिन्याभरात कवच टणक झालं नाही, तर वाचणं कठीण आहे."

रिक्षात उज्वला मांडीवर खोकं घेऊन बसली. चिडायलाही अंगात बळ लागतं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "अक्का, कासवाला भात कोणी घातला?"

"मी." अक्काबाई खाटेवरून म्हणाल्या. त्या घोटीकडच्या, भाताच्या शिवारात वाढलेल्या. "दूधभात. मऊ कालवून. तू तर काय घालायची नाहीस. घरात आलेल्या पाहुण्याला गवत! शोभतं का?"

"पाहुणा नाही तो. कासव आहे."

"कासव म्हंजे देव. देवळात शिरताना आधी त्याच्या पाया पडतो आपण."

"दूध पचत नाही त्याला. मरेल ते."

"दूधभातानं कोणी मेलंय व्हय? माझी चार लेकरं वाढली त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी खोक्यात पुन्हा शितं. खोकं उंचावर ठेवावं, तर अक्का खुर्चीवर चढतील, पडतील, आणि मग हाड मोडलं की तेही उज्वलाच्याच गळ्यात. ती खाटेला टेकून खाली बसली.

"अक्का, चतुर्थीला गणपतीला काय वाहता?"

"दूर्वा. का?"

"ते गवतच ना?"

अक्का बोळकं हलवत राहिल्या.

"देवाला चालतं, आणि याला चालत नाही?"

"वकीलच व्हायचीस तू," अक्का म्हणाल्या. "पण आम्ही निवडून वाहतो. तुझ्यासारखं ओरबाडून फेकत नाय. आण इकडं ती."

त्या दिवसापासून दूधभात बंद झाला. उज्वलाचं काम मात्र वाढलं. सकाळी आधी खोकं गॅलरीत न्यायचं, मग खुर्ची, मग बगलेत हात घालून अक्कांना. एकाला उन्हात ठेवायचं तर दोघांना ठेवावं लागे. अक्का थरथरत्या बोटांनी एकवीस दूर्वांची जुडी बांधत आणि कासवापुढे ठेवत. मग उज्वला आत जाऊन कासवासाठी पाणी कोमट करी, अक्कांसाठी चहा.

महिना सरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा कवचावर अंगठा दाबून पाहिला.

"टणक होतंय. वाचलं."

"किती जगतं हो हे?"

"नीट सांभाळलंत तर सत्तर वर्षं सहज."

"सत्तर," उज्वला म्हणाली. तिला छप्पन्नावं चालू होतं. तिने खोक्याचं झाकण लावलं.

अक्का गॅलरीतच वाट बघत होत्या. "काय म्हणला डाक्टर?"

"टणक झालंय."

"होणारच. माझ्या हातचं खातंय. उद्या कोवळ्या दूर्वा आण, कालच्या पार जून होत्या."

"आणते."

उज्वलाने कासव उन्हात सोडलं आणि आत जायला वळली, तर अक्कांनी तिच्या पदराचं टोक धरलं.

"बस की जरा. तुलाबी लागू दे ऊन."

ती तिथेच फरशीवर बसली. पाठ भिंतीला टेकली, डोळे मिटले. समोर कासव एक एक दूर्वा चावत होतं. त्याला कसलीच घाई नव्हती. उज्वलाकडे नळाला पाणी येईपर्यंतची दहा मिनिटं होती.