न झाडलेल्या वीस गोळ्या

"शपथ मी घातली, म्हणजे गुन्हा माझा! असंच ना?"

"असं मी म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? तोंडावर दिसतंय तुमच्या!" शोभाताईंनी पोह्यांच्या कढईवर झाकण आदळलं. "विनय स्वतःच म्हणतोय ना, चूक माझी म्हणून? मग तुम्ही कशाला मध्ये कडमडताय?"

"कारण चूक त्याची नाहीये, शोभा."

"वकील लावला त्याने म्हणजे? ही अमेरिका आहे! तुमचं चिंचवड नाही, साहेबाने दोन शिव्या हासडल्या आणि वर चहा पाजला!"

एकनाथरावांनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला विनय येणार होता. तो रायफल परत आणून देणार होता, ती विकून टाका म्हणत होता. पावणेअकरा झाले होते.

एकनाथरावांची तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. मुलाने त्यांना अमेरिकेत, अल्फारेटाला बोलावून घेतलं तेव्हा त्याला वाटलं, बाबा आता नातवंडं सांभाळतील. बाबांनी ती पंधरा दिवस सांभाळली. सोळाव्या दिवशी फिरायला म्हणून निघाले ते हायवेपलीकडे वॉल्टरच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात शिरले. आतल्या लेथकडे कान देऊन म्हणाले, "युवर बेअरिंग इज क्राइंग." वॉल्टरने त्यांना सोडलंच नाही.

घरी तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी शोभाताईंनी अट सांगितली. "दुरुस्त करा काय करायचं ते. पण ज्या हाताने माझ्या घरात जेवता, त्या हाताने बंदूक उडवायची नाही. माझी शपथ आहे."

आठ वर्षं त्यांनी ती पाळली. रायफल एकनाथरावांनी जुळवायची आणि गोळ्या वॉल्टरने झाडायच्या, अशी वाटणी ठरून गेली. तयार रायफलबरोबर एक कार्ड जायचं: वीस गोळ्या झाडून पाहिल्या, बिघाड नाही. त्याखाली सही.

विनय त्यांच्या मुलाचा मित्र. हॉस्पिटलात भूल द्यायचं काम, चाळिशी आलेली, आणि अमेरिकन मित्रांच्या नादाने लागलेलं शिकारीचं वेड. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तो आला तोच नाचत. "काका, आफ्रिका! रानरेडा! मस्तपैकी नवीकोरी रायफल घेतो."

"नवीकोरी कशाला? लग्नात मिरवायचीय?" एकनाथरावांनी फडताळातून चाळीस वर्षांची जुनी रायफल काढली. "हिच्या बोल्टला हा लांब पंजा बघ. काडतूस मॅगझिनमधून सुटलं की लगेच पकडतो, नळीत बसेपर्यंत सोडत नाही. रायफल आडवी धर, उलटी धर. रेडा अंगावर आल्यावर माणसाच्या हाताचा भरवसा नसतो, विनय. लोखंडाचा असावा लागतो."

दोन महिने ते त्या रायफलीवर बसले. काडतुसाचा मार्ग घासला, ट्रिगर साफ केला, लाकडी दस्ता आतून नीट बसवून घेतला. बिनदारूची काडतुसं घेऊन दोनशे वेळा बोल्ट मागेपुढे केला. एकदाही अडकलं नाही. मग मॅगझिनच्या तळाचं झाकण राहिलं. त्याची खिट्टी जरा कडक होती. टूलरूमच्या माणसाला कडक काही सोसत नाही. कानस, मग पॉलिश पेपर, मग तेल. अखेर नखाने उघडावी इतकी ती मऊ झाली. लोणी! स्वतःवरच खूश होऊन त्यांनी ती चार वेळा उघडून पाहिली.

त्याच आठवड्यात वॉल्टरचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. विनयचं विमान मंगळवारी. नेमबाजीच्या रेंजवरचा माणूस म्हणाला, रविवारी आणा, मी झाडून देतो. पण रविवारी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा, त्या दिवशी ती चालवत नाहीत, विश्रांती देतात. रायफल दुकानातून घरी आली, पाटावर बसली, शोभाताईंनी नाक मुरडत तिलाही हळदकुंकू वाहिलं. सोमवारी दसऱ्याला विनय सोनं द्यायला आला आणि रायफल घेऊन गेला.

कार्ड तेवढं भरायचं होतं. एकनाथरावांनी वीसचा आकडा लिहिला आणि सही केली.

रेडा पहिल्या गोळीला पडला नाही. विनयने बोल्ट ओढला, पुढे केला, चाप दाबला. टक. मॅगझिन रिकामं! तळाचं झाकण लोंबत होतं आणि तिन्ही काडतुसं गवतात. माग काढणारा माणूस विनयच्या पुढे उभा होता. दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागेपर्यंत रेड्याने त्याला गाठलं होतं. डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

"सकाळी भरताना झाकण नीट लावलं नसणार मी," विनय परतल्यावर फोनवर म्हणाला होता. एकनाथरावांच्या हातात तेव्हा कानस होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली होती. पण तोंड उघडलं नव्हतं.

बेल वाजली.

विनय बारीक झाला होता. दारात बूट काढून तो रायफलची केस घेऊन आत आला. "काकू, पोहे नकोत. काका, ही कुणालाही द्या. मला घरात नकोय."

एकनाथरावांनी बोल्ट मागे ओढला, नळी रिकामी आहे हे पाहिलं आणि रायफल त्याच्यापुढे धरली. "तळाचं झाकण लाव."

"काका, प्लीज यार, नको ना ते..."

"लाव. नीट लाव."

विनयने लावलं. ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. एकनाथरावांनी रायफल उभी धरली आणि दस्ता जमिनीवर आपटला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा झाकण आपोआप उघडून लोंबायला लागलं.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

"म्हणजे... मी लावलं होतं?"

"लावलं होतंस, बाळा. खिट्टी मी घासली. जास्त घासली. गोळी झाडल्याचा धक्का बसल्याशिवाय ते कळत नाही."

विनय मटकन खुर्चीत बसला. क्षणभर त्याचा चेहरा रडून मोकळा होणाऱ्या मुलासारखा झाला. मग त्याने केसच्या कप्प्यातून कार्ड काढलं.

"पण यावर वीस लिहिलंय."

"हो."

"सही तुमची आहे."

"हो."

"मग त्या वीस वेळा का नाही उघडलं?"

"एकही झाडली नव्हती."

शोभाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "विनय, माझी शपथ होती रे त्यांना! नवमी होती, वॉल्टर आजारी..."

"शोभा, नको," एकनाथराव म्हणाले. "शपथ तू घातलीस. आकडा मी लिहिला."

विनय उठला. कार्ड त्याने टेबलावर, पोह्यांच्या रिकाम्या बशीशेजारी ठेवलं. दाराशी जाऊन बूट घालू लागला. नाडी दोनदा सुटली. एकनाथराव त्याच्या मागे, अनवाणी, दारापर्यंत आले.

"विनय, पाय गेला त्या माणसाचं नाव काय रे? मी विचारलंच नाही तुला. कधीच नाही विचारलं."

विनयने नाडी बांधली, सरळ उभा राहिला, दार उघडलं आणि त्यांच्याकडे न बघता गाडीकडे चालू लागला.